नाक नंतर, आधी पोट

अमृतमहोत्सव समितीने ‘शाळेच्या आठवणी’ असा ऐसपैस विषय दिला आहे. खाडीवरची तर म्हणजे होडी, पावसाळ्यात गळणारा पाचवीचा वर्ग, पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी हे सगळं बाकीचे लिहितीलच. मी फक्त शास्त्राच्या सरांबद्दल लिहिणार आहे. नाव देत नाही. आपल्याकडे नुसतं ‘सर’ म्हटलं तरी कोण ते खाडीच्या दोन्ही तीरांवर कळतं. आणि लिहिणार आहे तेही एका माकडाच्या निमित्ताने. संपादक मंडळाने कात्री लावू नये, ही विनंती.

थोरला मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयता त्याच्याकडे जाऊन आलो. तिथलं प्राणिसंग्रहालय 1973 सालचं. गजांचे पिंजरे जवळजवळ नाहीतच. मध्ये खंदक, पाणी, झाडी, आणि पलीकडे जनावर मोकळं. आमच्या पिढीचं प्राणिसंग्रहालय म्हणजे भायखळ्याची राणीची बाग, त्यामुळे मी वाघ बघायच्या तयारीने गेलो होतो. नातीने मात्र हाताला धरून ओढत नेलं ते प्रोबोसिस मंकीकडे. तिने त्याचं नाव ‘नाकोबा’ ठेवलं होतं.

नर फांदीच्या बेचक्यात पाय पसरून बसला होता. पाठ तांबूस, हातपाय राखाडी, शेपूट पांढुरकी. नाक तर पिकून लोंबणाऱ्या काजूच्या बोंडूसारखं, ओठांवरून थेट हनुवटीपर्यंत उतरलेलं. पान तोंडात घातलं की ते नाक हलायचं, आणि कठड्याला टेकलेली सगळी मंडळी हसायची. माद्यांचं नाक लहान, जरा वर वळलेलं. सौ. म्हणाली, ‘‘हे तुमच्या माहेरचे दिसतात.’’ तिला ‘माझ्या सासरचे’ म्हणायचं होतं, पण हसण्याच्या भरात उलटं आलं. मी मात्र नाक सोडून त्याच्या पोटाकडे बघत राहिलो. एवढासा प्राणी आणि नगाऱ्याएवढं पोट कशाला, हा प्रश्न मला पडला तो सरांमुळे.

नववीचं वर्ष, मार्च महिना, परीक्षा तोंडावर. सर उष्णतेचं वहन शिकवत होते. छपरावर धडधड झाली आणि दोन कौलं व्हरांड्यात येऊन पडली. शिपाईमामा पत्र्याचा डबा बडवत धावले. ‘‘वांदर इले, सर! कौला फोडतत ओ! हाकलू काय?’’

सर म्हणाले, ‘‘डबा खाली ठेवा. मुलांनो, वह्या घ्या आणि बाहेर चला. ओरडायचं नाही.’’

विहिरीजवळ आम्ही ओळीने बसलो. कळप एव्हाना पिंपळावर गेला होता. सरांनी एवढंच सांगितलं की कोण काय खातंय ते लिहा, दुसरं काही नको. मी लिहिलं, ‘झाडपाला’. मागून वहीत डोकावून सर म्हणाले, ‘‘झाडपाला म्हणजे काय? कोवळा की जून? देठासकट की देठ टाकून?’’ मग दिसायला लागलं. तांबूस कोवळी पानं ते ओरबाडून घेत, पातं चावून खात आणि देठ टाकून देत. खाली देठांचा सडा पडला होता. एक मादी शेजारच्या रायवळावरची कैरी तोडी, एकच चावा घेई, फेके आणि दुसरी तोडी. सरांनी एक लेंडी उचलून काडीने फोडून दाखवली तेव्हा मुली ‘शी’ करत मागे सरकल्या. आत नुसते चोथ्याचे हिरवट धागे. मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे राहिले होते. उष्णतेचं वहन त्यांच्या चेहऱ्यावर नीट दिसत होतं. सरांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूने वानराचं पोट आलं. त्याला कप्पे. पुढच्या कप्प्यात जिवाणू राहतात, ते पाला आंबवतात, तेव्हा कुठे त्यातून वानराला काही मिळतं. गाईच्या पोटातही हेच, फक्त गाय रवंथ करते आणि आपला वानर करत नाही. लाल तोंडाच्या माकडाचं, म्हणजे आपल्या केलड्याचं, तंत्र वेगळं. त्याच्या गालात थैल्या असतात, सापडेल ते कोंबायचं आणि पळायचं. वानराला थैल्या नाहीत. ज्यांच्या घरच्या कणग्यांवर दोघंही डल्ला मारत होते अशा आम्हा पोरांना हा फरक तोवर कोणी सांगितला नव्हता. त्या दिवशी सर बोलले ते वाक्य माझ्या वहीत अजून आहे: ‘जनावर विचित्र दिसलं की आधी पोट बघावं. तोंड काय, दाखवायला असतं.’

तर त्या नाकोबाचं पोट. घरी आल्यावर मुलाच्या संगणकावर बसून वाचून काढलं. हा आपल्या वानराच्याच कुळातला निघाला, पानं खाणाऱ्यांच्या. पोट तसंच कप्प्यांचं, पाला तसाच आंबवायचा, म्हणून तो घेर आणि म्हणूनच दिवसातला बराच वेळ नुसतं बसून राहणं. कच्ची फळं आणि बिया चालतात, पण पिकलेलं गोड फळ सोसत नाही. पोटात भसाभस आंबतं आणि वायू धरतो. आपले बागायतदार हे वाचून म्हणतील, अदलाबदल करा, आमचे वानर घ्या आणि हे पाठवा, हापूसची राखण तरी वाचेल. घाई करू नका. कैऱ्या ते सोडणार नाहीत!

सरांना आवडेल अशी गोष्ट पुढे होती. 2011 साली जपानी संशोधकांच्या गटाने रानातल्या या वानरांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं, त्यात ते खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळताना दिसले. वानरकुळात रवंथ करणारं जनावर तोवर कोणी नोंदवलं नव्हतं. म्हणजे फळ्यावरच्या त्या आकृतीत गाय आणि वानर यांच्यामध्ये सरांनी जी रेघ मारली होती, तिच्यावर हा गडी मांडी घालून बसला आहे. आणि नाक? ज्या नराचं नाक मोठं त्याचं वजन जास्त आणि त्याच्याभोवती माद्याही जास्त, असं अभ्यासकांना आढळलं आहे. तोंड दाखवायला असतं म्हणाले होते ना सर!

हे वानर रानात फक्त बोर्निओ बेटावर आणि त्याच्या अगदी जवळच्या काही बेटांवर उरले आहेत. राहतात नदीकाठी आणि खाडीच्या खारफुटीत, पोहतात पट्टीचे. खातात त्यात चिपी या खारफुटीतल्या झाडाच्या जातीची पानंही असतात. चिपी! आपल्या तरीच्या धक्क्यापासून शाळेच्या मैदानापर्यंत जी होती ती. खारफुटी तोडली गेली आणि तिथे शेती नि वस्ती आली म्हणून त्यांची संख्या घसरली, हे वाचताना मला सिंगापुरात बसून आपली खाडी दिसत होती. महाराष्ट्र सरकारने 2020 साली पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. मान मिळाला ते छान झालं, पण यातली चिपी कुठली आणि तिवर कुठलं हे आज आपल्या किती विद्यार्थ्यांना दाखवता येईल? नव्या शिक्षकांनी राग मानू नये. त्यांचा अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो हे मला ठाऊक आहे. पण मैदानाकडची चिपी गेली, पिंपळ सायकल स्टँडसाठी गेला, कौलं जाऊन स्लॅब आला. वानर आले की आता सुतळी बॉम्ब लावतात. मी स्वतः कलमं राखतो, त्यामुळे नुकसान काय असतं ते मला कोणी सांगायला नको. कित्येकांनी परसातली भाजी लावायचीसुद्धा सोडली आहे. तरी त्या मार्चमधला तास आज कोणी घेईल असं वाटत नाही. प्रयोगशाळेला यंदा माझ्यातर्फे एक सूक्ष्मदर्शक दिला आहे. तो कपाटात कुलपात राहू नये एवढीच अपेक्षा.

मे महिन्यात गावी आलो तेव्हा सरांकडे गेलो. आता ऐकू कमी येतं, नजर मात्र शाबूत आहे. पाया पडलो आणि मोबाइलवर नाकोबाचा फोटो दाखवला. मला वाटलं, हसतील. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पोटापाशी थांबले, मग खाली सरकले.

‘‘खात काय होता?’’

‘‘पानं, सर.’’

‘‘ते दिसतंय. देठ टाकत होता?’’

मी गप्प. सर फोटो आणखी खाली सरकवत होते.

‘‘पोहतो म्हणालास ना? मग पाय कुठायत?’’

‘‘फांदीआड गेले, सर. बोटांमध्ये थोडा पडदा असतो म्हणे.’’

‘‘म्हणे काय? एवढं विमानाने गेलास आणि पायाचा फोटो नाही?’’

मी पडवीतूनच थोरल्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात सुरू झाले, ‘‘हे बघ, येत्या रविवारी जा. मागच्या पायाची बोटं स्वच्छ यायला हवीत. आणि पानं खाताना देठाचं काय करतो ते कागदावर लिहून आण.’’

माझ्या बदल्यांमुळे थोरला सगळा पुण्यात शिकला. या शाळेची पायरी त्याने चढलेली नाही आणि सरांना त्याने कधी पाहिलेलंही नाही. तरी पलीकडून आवाज आला, ‘‘हो सर.’’