अलाबास्टर की ग्रीक व्हिला?

शेर्विन-विल्यम्स या अमेरिकन रंग कंपनीचे हे दोन ऑफव्हाइट: अलाबास्टर, एसडब्ल्यू ७००८, आणि ग्रीक व्हिला, एसडब्ल्यू ७५५१. एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो ते प्रमाण, अनुक्रमे ८२ आणि ८४. आरजीबी, म्हणजे रंगातल्या लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे, पाहिले तर २३७-२३४-२२४ आणि २४०-२३६-२२६. म्हणजे पिवळसर-बेज झाक जवळपास सारखीच. अलाबास्टर फक्त किंचित गडद. "ग्रीक व्हिला लावा, खोली उजळेल" हा सल्ला म्हणूनच पोकळ आहे. अंधाऱ्या खोलीत दोन्ही मळकट दिसतात, तिथे आधी दिवे बदला.

भरपूर उन्हाच्या खोलीत मात्र अलाबास्टर बरा. कडक उजेडात ग्रीक व्हिलाची ऊब लवकर पुसली जाते आणि भिंत नुसती पांढरी दिसते.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नका. भोवतीचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट बाय दोन फुटांच्या बोर्डावर प्रायमर मारून दोन हात द्या, कडेला दोन इंच पांढरी पट्टी सोडा आणि पूर्ण वाळू द्या. ओला रंग वेगळा दिसतो. मग बोर्ड उभा ठेवून पाहा, कारण आडवा ठेवला की त्यावर छताचा उजेड पडतो. तो फरशी, दारांच्या चौकटी आणि ओट्याशेजारी न्या. फरशी निळसर पांढरी असेल तर दोन्ही रंग पिवळे वाटतील, अलाबास्टर जरा जास्तच. रात्री २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली दोघांत निवड करणंच अवघड जातं. ४००० केल्विनच्या पांढऱ्या उजेडाखाली झाक फिकी पडते. फोनच्या फोटोवर ठरवू नका, कॅमेरा पांढरा रंग स्वतःच दुरुस्त करतो.

भिंतीला एक आणि चौकटींना दुसरा, ही जोडी टाळाच. फरक इतका थोडा की मुद्दाम केलेला वाटत नाही, रंग कमी पडल्यावर दुसऱ्या डब्यातून भरल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा एकच रंग घ्या: भिंतीला मॅट, चौकटींना सॅटिन. चमक बदलली की तोच रंग वेगळा दिसतो.

पुट्टीचे ठिगळ असतील तर संपूर्ण भिंतीला प्रायमर हवाच. नाहीतर ठिगळ रंग जास्त शोषतो आणि तिरप्या उजेडात डाग उठून दिसतो. आणि खोलीला लागणारे सगळे डबे सुरुवातीलाच एका बादलीत एकत्र करा. दोन बॅचमधला फरक कधीकधी या दोन रंगांमधल्या फरकाएवढाही निघू शकतो.