दाराखालचा टॉवेल

"अरे झाकण लाव त्याला, वास सुटलाय नुसता!"

काल रात्री घोडबंदर रोडला एका मित्राच्या घरी बसलो होतो. गोव्याची काजूची फेणी (काजूच्या फळाची दारू) उघडली (परवाना काढून आणलेली, घाबरू नका) आणि एकाने नाकाला रुमालच लावला. "गावठी रे ही. आमच्याकडे गडीमाणसं प्यायची असलं."

हाच गृहस्थ दहा मिनिटांपूर्वी स्कॉचच्या ग्लासात नाक खुपसून "काय स्मोकी आहे यार" म्हणत होता. पीटच्या (दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याच्या जळणाच्या) धुरावर सातू वाळवतात म्हणून येणारा तो वास. मला तर त्यात दवाखान्यातलं आयोडीनच आठवतं, पण ते असो.

फेणीला 2009 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पिकून झाडाखाली पडलेली बोंडं तुडवायची, रस आंबवायचा, भट्टी लावायची. पहिल्या धारेचा उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. यात गावठी आहेच की. गावातच होते ती.

मीठ, लिंबू, उभी चिरलेली मिरची आणि लिम्का घालून दिली, तर पठ्ठ्याने दोन ग्लास रिचवले.

पण डोक्यात राहिलं ते वेगळंच. आत वहिनी सुके बोंबील भाजत होत्या. भाजायच्या आधी त्यांनी ओला टॉवेल पिळून मुख्य दाराच्या फटीत नीट दाबून बसवला. लिफ्टपर्यंत वास जातो, मग ग्रुपवर मेसेज येतात म्हणे.

तुमच्याकडेही आहे का असा टॉवेल?