आईची निळी पेटी आणि उणे 70 अंश

परवा आईचा फोन आला तेव्हा मी नुकतंच डीप फ्रीझरचं दार लावून हात चोळत उभी होते. इथे जर्मनीत मायन्ट्समध्ये दुपारचे बारा, तिथे गोव्यात वाळपईला साडेचार. "गो, तू जिथे काम करतेस तिथली ती कोविडची एमआरएनए लस आमच्या सत्तरी तालुक्यात आलीच नाही. का?" आई तीसेक वर्षं आरोग्य केंद्रात नर्स होती, तिला वरवरचं उत्तर देऊन चालत नाही. फोनवर थोडंच सांगता आलं, राहिलेलं इथे लिहिते.

आधी एक खुलासा. मी लस बनवत नाही. एका छोट्या प्रयोगशाळेत एमआरएनएची शुद्धता तपासते. एमआरएनए म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं हे पेशीला सांगणारी चिठ्ठी. काम झालं की पेशीच ती मोडून टाकते. जनुकं असतात त्या पेशीकेंद्रात ती शिरतच नाही. लसीने जनुकं बदलतील अशी भीती गावातल्या ज्यांना अजून आहे, त्यांना हे मुद्दाम सांगा.

ही चिठ्ठी कमालीची नाजूक. आपल्या कातडीवर अशी विकरं (एन्झाइम) असतात, की नुसतं बोट लागलं तरी ती तिचे तुकडे करतात. सुरुवातीला माझा अख्ख्या दिवसाचा नमुना वाया गेला. कारण एवढंच की, हातमोजे घातलेल्या हाताने मी कपाळावरचे केस मागे सारले होते. त्या संध्याकाळी मला आजीचं सोवळं आठवलं. ओलेत्याने स्वयंपाक, आणि मध्ये कोणी शिवायचं नाही. माझं टेबल आता तसंच आहे. पुसलेलं, वेगळ्या पिपेटचं, आणि दुसऱ्या कोणाचा हात न लागलेलं.

शरीरात ती टिकावी म्हणून तिला चार प्रकारच्या स्निग्ध पदार्थांच्या कणात गुंडाळतात. हा कण केसाच्या जाडीपेक्षा हजारेक पटीने लहान. या धंद्यातले पेटंटचे बरेच खटले याच कणावरून चालले आहेत.

पण त्याही आधी एक अडचण होती. बाहेरून आलेला आरएनए दिसला की शरीर शत्रू समजून पेटून उठायचं. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या कातालिन कारिको यांनी या एका प्रश्नापायी अनुदानांचे नकार सोसले. 1995 मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं, तरी त्यांनी काम सोडलं नाही. 2005 मध्ये त्यांनी आणि ड्र्यू वाइसमन यांनी दाखवून दिलं की चिठ्ठीतलं युरिडिन नावाचं एक अक्षर बदलून त्याचं जरासं वेगळं रूप, स्यूडोयुरिडिन, घातलं तर शरीर गप्प बसतं. 2013 मध्ये कारिको इथल्या बायोएनटेक या कंपनीत आल्या (फायझरच्या नावाने ओळखली जाणारी कोविड लस मूळ हिचीच), 2023 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मला त्यांच्याविषयी वाटतो तेवढा आदर फार थोड्या माणसांविषयी वाटतो.

बायोएनटेकचा पत्ता आहे 'आन डेर गोल्डग्रूबं', म्हणजे सोन्याच्या खाणीपाशी. खाण म्हटलं की आपल्या गोव्यातल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि दारोदार ट्रक उभे राहिले, ते आपण पाहिलंय. इथेही तसंच काहीसं झालं. 2021 मध्ये कंपनीचा महसूल सुमारे 1900 कोटी युरो होता, 2024 मध्ये तो सुमारे 275 कोटींवर आला. कोविड ओसरला, मागणी ओसरली. फरक एवढाच की ही कंपनी 2008 मध्ये निघाली ती मुळी कर्करोगासाठी, आणि आता सगळा जोर पुन्हा तिकडेच आहे. रुग्णाच्या गाठीचा नमुना तपासून त्या एकाच माणसासाठी लस बनवायची. न्यूयॉर्कमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 16 रुग्णांना ती दिली, त्यांतल्या आठांच्या शरीराने प्रतिसाद दिला. आकडा लहान आहे, पण तो आजार किती वाईट हे ज्याच्या घरात घडलंय त्याला कळेल.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. फायझरची लस सुरुवातीला उणे 70 अंशांच्या आसपास ठेवावी लागे, साध्या फ्रिजमध्ये ती पाच दिवसच टिके. मॉडर्ना या अमेरिकी कंपनीच्या एमआरएनए लसीला जून 2021 मध्ये भारतात आयातीची परवानगी मिळाली, पण दुष्परिणामांची कायदेशीर जबाबदारी कोणी घ्यायची यावर बोलणी अडली. आपल्या वाट्याला कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन आल्या, आणि त्यांनी आपलं काम केलं. तरी मला राहून राहून वाटतं, चिठ्ठीचा मजकूर ठरवायला थोडे दिवस पुरतात, आणि ती कोणत्या गावात पोचणार हे मात्र बर्फ ठरवतो.

जून 2022 मध्ये पुण्याच्या जेनोव्हाच्या लसीला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. भारतातली पहिली एमआरएनए लस, थंडीत सुकवून भुकटी केलेली, दोन ते आठ अंशांत राहणारी. तोवर बहुतेकांचे डोस झाले होते.

पावसात वीज गेली की आई केंद्रातल्या फ्रिजचं दार कोणाला उघडू देत नसे, आणि दुसऱ्या दिवशी लसींची निळी पेटी खांद्याला लावून आडगावांत जायची. फोनवर भुकटीचं ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली.

"म्हणजे ती माझ्या पेटीत बसली असती? चार आइसपॅकमध्ये?"

"हो आई. चारच आइसपॅकमध्ये."