कोपीतला सव्वासातचा वर्ग

बुधवार

मी ऑनलाइन वाचायला शिकवते त्या मुलीला सव्वासातला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्यांदा उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा स्क्रीनभर धाकट्या भावाचं नाक. मागून आवाज, "आरं दे की इकडं, माझ्या मॅडम हायत त्या!" मग थोडी झटापट, कोपीचं, म्हणजे त्यांच्या झोपडीचं, पाचट, अंधार आणि शेवटी ती.

ही दुसरीतली. गाव बीड जिल्ह्यातलं, शिरूर कासारकडचं. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते. यंदा कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर आहेत. गावात सांभाळायला कुणी नाही आणि हंगामी वसतिगृहात एवढ्याशा पोरीला ठेवायला आईचं मन धजेना, म्हणून पोरं सोबत. म्हणजे पटावर नाव गावच्या शाळेत आणि मुलगी उसाच्या फडावर. पहिलीतही असाच अर्धा वर्ग हुकला असणार, कारण माझ्याकडे आली तेव्हा सुटी अक्षरं बरीच येत होती, पण दोन अक्षरं शेजारी आली की गाडी थांबायची.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका संस्थेनं विचारलं, रोज वीस मिनिटं एका मुलाला ऑनलाइन वाचायला शिकवाल का. मी 'एका मुलाला' एवढंच ऐकून हो म्हटलं. खरी मेख 'रोज'मध्ये आहे. पण आता वाटतं, रोजच हवं. आठवड्यातून एकदा बसून दोन तास कितीही घोकून घेतलं, तरी या वयात ते पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. वीस मिनिटं पुरतात, फक्त उद्या परत यावं लागतं. शाळेत चाळीस पोरांत गुरुजींनी एकेकाचं वाचन रोज ऐकायचं म्हटलं तर दिवस तिथंच संपेल. इथे ऐकायला मी एकटी, वाचायला ती एकटी. लपायला मागचा बाक नाही.

आज 'दिवा'वर अडलो. ती आधी वेलांटीकडे बघते, कारण ती आधी दिसते. "इ… द… इद…" मोठ्यांना सवय झालेली असते म्हणून कळत नाही, पण ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, हा उलटा कारभार सहा-सात वर्षांच्या डोक्याला कसा पटावा? दीर्घ वेलांटी तिला सोपी जाते. 'मी', 'ती', 'नदी' झटक्यात. म्हणून आज मी कार्डावर आधी नुसता 'द' दाखवला, वाचून घेतला आणि मग तिच्या डोळ्यांदेखत डावीकडून वेलांटी काढली. "दि!" मग 'दिवा'. मग 'पिन', 'विहिर' (हो, शुद्धलेखनात दीर्घ आहे, माहीत आहे, म्हणून तो शब्द लगेच बाजूला ठेवला आणि 'किडा' घेतला).

कार्डं मी हातानंच लिहिते, जाड स्केचपेननं. आधी स्टोरीवीवर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरच्या पहिल्या पातळीच्या गोष्टी स्क्रीनवर दाखवायचे. गोष्टी छान, चित्रं त्याहून छान, आणि फुकट. पण काही पानांवरचा 'ल' तिला ओळखू येईना. मला वाटलं विसरली. मग नीट पाहिलं, तर टाईपातला 'ल' हिंदी वळणाचा होता. तिच्या बालभारतीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श'. २००९च्या शासननिर्णयानंही तीच वळणं धरली, पण फोनला कोण सांगणार? तिच्या दृष्टीनं ते नवंच अक्षर होतं आणि तिचं बरोबर होतं.

शुक्रवार

वर्ग नाही. रात्री उसाची गाडी भरायची होती, फोन वडिलांबरोबर फडात. आईनं सकाळी शेजारच्या कोपीतून फोन करून सांगितलं, "मॅडम, आज काय जमायचं न्हाई, उद्या मी फोन मागं ठिवते." पहाटे उठून दिवसभर मोळ्या बांधणारी बाई आठवणीनं एवढं कळवते. रजेचा अर्ज न देता गायब होणारे सहकारी आठवले.

शनिवार

आईनं खरंच फोन मागे ठेवला. चार्जिंग मात्र कमी होतं, म्हणून थेट गोष्टीवर आलो.

वाक्य होतं, 'विहिरीत पाणी आहे.' तिनं बोट ठेवत वाचलं, "विहिरीत… पानी… हाय." आणि वर बघून म्हणाली, "आमच्याकडं न्हाई, टँकर येतो."

मला एवढा आनंद झाला की मी जवळजवळ टाळी वाजवली. 'आहे'चं 'हाय' झालं, याचा अर्थ अक्षरं तिच्या डोक्यातून फिरून बोलण्यापर्यंत पोचली. नुसती अक्षरं उच्चारणारं मूल 'आ-हे' म्हणतं आणि त्याला विचारलं की काय आहे, तर गप्प बसतं. हिनं विहिरीबद्दल मत दिलं! ण-न आणि आहे-हाय पुढे होईल, शाळेत लिहिताना ते शिकवावंही लागेल. पण आत्ता, वाचता वाचता, तिला अडवून "पाणी म्हण, पाणी" केलं तर ती पुढच्या वाक्याला माझ्या तोंडाकडे बघेल, पुस्तकाकडे नाही.

रात्री आकडे वाचत बसले. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१. कोरोनाआधी, २०१८ मध्येही २७.३च होती. म्हणजे इतक्या धडपडीनंतर आपण जिथे होतो तिथे परत आलो. निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्ट २०२६-२७चं आहे, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. हंगामाला कारखान्यावर गेलेलं पोर त्या 'प्रत्येक'मध्ये कुठून मोजायचं, गावातून की फडावरून, हे मला कुणी सांगेल तर बरं.

संस्थेचा रोजचा फॉर्म भरायचा राहिला होता. 'उच्चाराच्या चुका' असा एक रकाना आहे, त्यात आकडा लागतो, रिकामा ठेवता येत नाही. आज शून्य टाकलं. शेऱ्यात लिहिलं, 'पानी, हाय: चुका नाहीत. अर्थ समजला, स्वतःहून बोलली.' सोमवारी समन्वयक मुलीचा फोन येणारच, "काकू, रेकॉर्डिंगमध्ये तर दोन चुका ऐकू येतात." येऊ दे. सोमवारी आम्ही 'किडा'नंतर 'चिमणी' घेणार आहोत, त्यातही 'ण' आहे.