मांजरपाटाचा अंतरपाट

मंगळवार, रात्री

लेकीने आज जागा ठरवून टाकली. गेले दोन महिने ‘मला एसी हॉल नको, जुन्या काळातलं लग्न हवं’ असं तिचं चाललं होतं. नऊवारी, गॅसबत्त्या, सनई, पंगत, इथपर्यंत मला सगळं पटत होतं. आज तिने मोबाइल पुढे धरला. विटांच्या उघड्या भिंती, लोखंडी खांबांची रांग, करवतीच्या दातांसारखं छप्पर. दुसऱ्या फोटोत मागे चिमणी होती आणि त्या चिमणीवरून मी जागा ओळखली.

बाबांची गिरणी. मुंबईतली, कापडाची.

लेकीला ते ठाऊक नव्हतं. आजोबा ‘गिरणीत होते’ एवढंच तिने ऐकलेलं. कुठल्या गिरणीत, ते विचारण्याची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी तिथलं काम थांबलं होतं. निम्म्याहून जास्त जागेवर आता काचेचे टॉवर उभे आहेत. एक शेड आणि चिमणी राहिली, ती लग्नाकार्याला आणि शूटिंगला भाड्याने देतात.

मी तिला सांगितलं, तशी ती रडायलाच लागली. “मग नको का, आई?” मी म्हटलं, आजोबांना विचारू.

बुधवार

बाबांना कमी ऐकू येतं. साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रांच्या खात्यात, अठरा वर्षं काढलेल्या माणसांचे कान असेच जातात. पण ओठांवरचं त्यांना सगळं कळतं. शेकडो साचे एकदम चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तर ओठ नाहीतर हात, तिसरा मार्ग नव्हता. म्हणून आम्ही घरात त्यांच्यासमोर बसून, तोंडाकडे बघत बोलतो.

सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “शेड कुठली? गेटजवळची, का चिमणीकडची?”

“चिमणीकडची.”

“म्हणजे साचेखातं.” आणि जरा थांबून, “खालची लादी तशीच आहे?”

एवढंच विचारलं. जेवताना आपणहून म्हणाले, “पोरीला म्हणावं, कर तिथे. चांगली मोठी जागा आहे.”

शनिवार

आज जागा बघून आलो. बाबांना नेलं नाही, आधी मला त्यांच्याशिवाय बघायची होती.

फोटोत जे दिसत नाही ते लिहून ठेवते. लादीत ठिकठिकाणी यंत्रांच्या पायाचे चौथरे आणि कापलेले बोल्ट आहेत. म्हाताऱ्या माणसांचा पाय अडकेल, म्हणून सगळीकडे लाकडी पाटातन, म्हणजे फळ्यांची जमीन, घालायचं ठरलं. भिंतीला खिळा मारायचा नाही, छपराला आधार देणाऱ्या कैच्यांना काही टांगायचं नाही. सगळी सजावट जमिनीवरून उभी करायची. वीज जनरेटरची. अग्निशमन दलाची परवानगी वेगळी, पोलिसांची वेगळी, आणि रात्री १० वाजता स्पीकर बंद म्हणजे बंद. मुहूर्त गोरज असल्यामुळे त्याची काळजी नाही.

छपराबद्दल मात्र आज नव्याने कळलं. त्या करवतीच्या दातांची काचेची बाजू उत्तरेकडे असते. तिथून थेट ऊन सहसा आत येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड येतो. सुताला, कापडाला उजेड हवा आणि ऊन नको, म्हणून ही रचना. दुपारी तीन वाजता मी तिथे उभी होते आणि कुणाचीच सावली नीट पडत नव्हती. फोटोग्राफर मुलगा तर हरखूनच गेला. दिवे लावूच नका म्हणाला, मुहूर्तापर्यंत याच उजेडात काम करतो.

उकाडा मात्र फार. पूर्वी तर मुद्दाम दमट ठेवायचे, कोरड्या हवेत दोरा तुटतो म्हणून. लहानपणी बाबा घरी यायचे तेव्हा बनियन पिळून काढावी अशी भिजलेली असायची आणि भुवयांवर कापसाची पांढरी लव. ती मला आज तिथे आठवली. कूलर नको, आणखी ओल वाढेल. मोठे पंखे आणि हवा बाहेर फेकणारे पंखे लावायचे ठरवलं.

गुरुवार

आज सजावटवाल्यांशी बैठक. सजावटवाली मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्या यादीत ग्रामोफोन होता, विलायती टाइपरायटर होते, चामड्याच्या बॅगा होत्या. मी विचारलं, यातलं गिरणगावात कुणाच्या घरी काय होतं? आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, एक फळी, एक ट्रंक आणि भिंतीवर आरसा. चाळीतलं लग्न म्हणजे वाडीत मांडव, गच्चीवर पंगत, शेजाऱ्यांच्या खोल्या वऱ्हाडाला मोकळ्या केलेल्या, गुलाबदाणी, अत्तर, पानसुपारी आणि पिवळ्या कागदावर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. जुनं हवं तर हे जुनं करूया. तिने सगळं लिहून घेतलं. पितळी घंगाळं, समया, ट्रंका, सतरंज्या, चाळीच्या गॅलरीसारखा लाकडी कठडा हे ती आणणार आहे.

दोन गोष्टींवर अडलं. एक भोंगा. नवरी येताना गिरणीचा भोंगा वाजवायचा, अशी तिची कल्पना होती. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि मान हलवली. “भोंगा कामावर बोलवायचा. उशीर झाला की गेट बंद, दिवस बुडाला. लग्नाला सनई लावा.” विषय संपला.

दुसरी गोष्ट धोट्यांची. धोटा म्हणजे साच्यावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. प्रवेशद्वारापाशी जुन्या धोट्यांची तोरणं करायची होती. दिसायला सुंदर वस्तू आहे, गुळगुळीत लाकूड, टोकांना धातू. मी नको म्हटलं आणि कारणही सांगितलं. धोट्यात दोऱ्याची नवी कांडी घातली की दोरा भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. त्या एका कारणावरून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत, आणि सगळ्यात बरा पगार साचेखात्यातच होता. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. माझ्या बाबांना ज्या खात्याने भाकर दिली, त्याच्या दारातून कितीतरी माणसं परत पाठवली गेली. धोटा मला तोरणात नको होता. एक धोटा आम्ही रुखवताच्या टेबलाशेजारी ठेवणार आहोत, खाली कागदावर हीच हकिगत लिहून. लेकीनेच ते लिहायला घेतलं आहे. तिच्या सासरच्यांना हे चालेल का, अशी मला धास्ती होती. व्याही म्हणाले, लिहा, मोठ्या अक्षरात लिहा.

रविवार

आज बाबांनी ट्रंक उघडायला लावली. तळाशी, आईच्या शालूखाली, मांजरपाट, जाडंभरडं सुती कापड. कोरा, न धुतलेला, तीन वार तरी असेल. किनारीला निळ्या शाईत गिरणीचा छाप, अजून वाचता येतो. संपाच्या आधीच्या दिवाळीला गिरणीच्या दुकानातून घेतलेला. आई त्याचे उशांचे अभ्रे शिवणार होती. मग संप झाला आणि कापड तसंच राहिलं.

मला तो संप आठवतो. १८ जानेवारी १९८२, सोमवार. मी दहा वर्षांची. अडीच लाख कामगार बाहेर पडले. दोन-चार महिन्यांत मिटेल असं घराघरांत बोलत होते. जूनमध्ये आम्हाला संगमेश्वरला आजीकडे पाठवलं, कारण इथे दोन वेळचं जमत नव्हतं. आई खानावळीच्या पोळ्या लाटायची. तो संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. बाबा पुढे एका सोसायटीत वॉचमन झाले. त्या सोसायटीच्या गच्चीवरून गिरणीची चिमणी दिसायची, हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं.

“अंतरपाट याचा करा,” बाबा म्हणाले.

शुक्रवार

पत्रिका वाटून झाल्या. बाबांच्या खात्यातल्या माणसांचा शोध हेच खरं काम होतं. परळ-लालबागमध्ये आता जवळजवळ कुणी नाही. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, बरेचसे गावी. नऊ पत्ते मिळाले. पाच जण हयात असल्याचं कळलं, चार येतो म्हणाले. त्यांच्यासाठी गाडी सांगितली आहे.

लग्न रविवारचं. बाबांनी पत्रिकेवर वार बघितला आणि म्हणाले, “लोखंड्यांचा वार.” गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १० जून १८९०पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्याआधी हक्काची आठवड्याची सुट्टी नव्हतीच. बाबांच्या पिढीला हे तोंडपाठ असायचं. मी लेकीला सांगितलं, तिने जावईबापूंना फोन करून सांगितलं.

रविवार, उलटून सोमवार झाला आहे

पाय दुखतायत, पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

बाबांना दुपारी दोनला घेऊन गेलो. पांढरं धोतर, टोपी, कोट. गेटातून आत आल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला. शेडच्या दारात थांबले, चपला काढल्या. मग उजव्या रांगेने चालत निघाले, प्रत्येक खांबाला हात लावत. मी मागे. सातव्या खांबापाशी थांबले. आम्ही पाटातन घातलेलं, खालचं काही दिसत नव्हतं. त्यांनी पायाने टकटक केलं आणि म्हणाले, “इथे. हे दोन साचे माझे.”

तिथे केटररने पाण्याचं टेबल मांडलं होतं. ते आम्ही हलवलं आणि बाबांची खुर्ची तिथेच ठेवली. कार्यभर ते तिथेच बसले.

चारही जण आले. एकाला नातवाने हाताला धरून आणलं होतं. भेटल्यावर कुणी काही बोललं नाही, फक्त एकमेकांच्या दंडाला धरून उभे राहिले. मग त्यांनी खुणा सुरू केल्या. दोन बोटं, तळहात आडवा, हनुवटीला अंगठा. सनई जोरात होती, माणसं बोलत होती, भिंतींवरून आवाज घुमत होता. आम्हाला शेजारच्याचं ऐकू येईना आणि हे पाच म्हातारे वीस फुटांवरून निवांत गप्पा मारत होते. लेक मेकअप सोडून बघायला आली. तिने विचारलं, काय बोलताय? बाबा म्हणाले, “तो विचारतोय, मुकादम आला का. मी म्हटलं, आता मुकादम माझी नात.”

घुमणाऱ्या आवाजाची मला मंगलाष्टकांच्या वेळी फार काळजी होती. सजावटवालीने दोन्ही बाजूंनी जाड कापडाचे पडदे उभे केले होते, त्याने बराच फरक पडला. तरी शेवटची ओळ छपराला लागून परत यायचीच. माझ्या आत्याने जात्यावरच्या चालीत एक मंगलाष्टक म्हटलं. ते परत आलं तेव्हा तीच दोनदा म्हणतेय असं वाटलं.

मुहूर्ताला वरचा उजेड निळसर होत चालला होता. समया लावल्या. अंतरपाट एका बाजूने माझ्या भावाने, दुसऱ्या बाजूने व्याह्यांच्या धाकट्या भावाने धरला. कुंकवाचं स्वस्तिक मध्ये, आणि छापाची किनार लेकीच्या बाजूला आली होती. ते कुणी ठरवलं नव्हतं. नवऱ्या मुलाचं तोंड दिसण्याआधी तिला गिरणीचं नाव दिसत होतं. ती मान खाली न घालता तेच वाचत होती. ‘सावधान’ झालं, कापड खाली आलं, अक्षता पडल्या आणि मी सातव्या खांबाकडे बघितलं. बाबा उभे होते. त्यांना मंगलाष्टकं ऐकू आली नसणार, पण कापड खाली येताना त्यांनी बरोबर त्याच क्षणी हात जोडले होते.

पंगती खांबांच्या दोन रांगांमध्ये बसल्या. साच्यांच्या रांगा होत्या तिथेच सतरंज्या, पत्रावळी. मसालेभात, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, अळूचं फदफदं, जिलबी, मठ्ठा. वाढपी आग्रह करत फिरत होते. वडे कमी पडले, शेवटच्या पंगतीला पुऱ्या दिल्या. त्याचं वाईट वाटलं. पण शेवटच्या पंगतीला आम्ही घरचेच होतो.

१० वाजता स्पीकर बंद झाला. ते चार जण गाडीत बसले. गाडी गेटबाहेर वळेपर्यंत बाबा हात हलवत होते, आणि ते नुसतं हात हलवणं नव्हतं, खुणा होत्या. काय म्हणालात, असं मी विचारलं नाही.

मंगळवार

घर रिकामं वाटतंय. लेकीचा सकाळी फोन आला, पूजा झाली म्हणाली.

अंतरपाट मी धुवायला काढला होता, तर बाबांनी हातातून घेतला. खिडकीपाशी उजेडात धरून, अंगठ्याने एकेक बोट पुढे सरकत, सबंध कापड तपासलं. स्वस्तिकाचं कुंकू पसरलंय, दोन अक्षता धाग्यांत अडकल्या आहेत. एके ठिकाणी थांबले. मला जवळ बोलावलं. मला काही दिसेना. त्यांनी नख ठेवून दाखवलं, आडवा एक धागा तुटून पुन्हा सुरू झालेला.

“हे तुमच्या साच्यावरचं असेल का?” मी त्यांच्यासमोर येऊन विचारलं.

“कुणास ठाऊक. दुकानातून घेतलेलं.” ते परत त्या धाग्याकडे बघत राहिले. “ज्याचं असेल त्याने साचा लगेच थांबवलाय. बघ, एकच धागा गेलाय.”

मग घडी घातली, छापाची किनार वर येईल अशी, आणि ट्रंकेत ठेवायला दिली. धुवू नकोस म्हणाले.