सहा की सोळा?

कीटकाला पाय किती, असं सहावीच्या वर्गात विचारलं की ‘सहा’ हे उत्तर एका सुरात येतं. म्हणून त्या दिवशी मी तोंडी काहीच विचारलं नाही. चार-चार मुलांच्या गटापुढे कढीपत्त्यावरची, फुलपाखराची एकेक मोठी हिरवी अळी ठेवली आणि फळ्यावर लिहिलं : अळीचं चित्र काढा, पाय मोजा. दहा मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही.

वह्या पाहिल्या तर निम्म्याहून जास्त चित्रांत सहाच पाय. समोर अळी सोळा पायांनी देठ धरून बसलेली, आणि वहीत सहा! एका मुलीने आधी १६ लिहून खोडलं होतं नि शेजारी ६ केलं होतं. तिला दिसलं होतं, पण पुस्तकापुढे स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायची तिची हिंमत झाली नव्हती.

ओरडून काही उपयोग नव्हता. अळी वरून पाहिली तर पाय अंगाखाली झाकलेलेच असतात. म्हणून तिला पानासकट पारदर्शक बरणीत सोडलं. ती काचेवरून चढायला लागली की बाहेरच्या बाजूने पोट आणि पाय सरळ दिसतात. भिंग वापरतानाही मुलं हात लांब करून धरतात, मग चित्र धूसर तरी दिसतं नाहीतर उलटं. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि बरणी हळूहळू जवळ आणायची, एवढं दाखवल्यावर वर्गातला आवाजच बदलला. डोक्यामागे तीन जोड्या, टोकदार आणि सांधे असलेल्या. मग दोन वळ्या मोकळ्या. मग चार जोड्या आखूड, मांसल, आणि शेपटाकडे शेवटची एक. मांसल पायांच्या तळाशी बारीक आकडे असतात, त्यामुळेच गुळगुळीत देठावरूनही अळी सहजी सुटत नाही.

दुसरी फसगत डोळ्यांची. अळीच्या फुगीर पुढच्या भागावर डोळ्यांसारखे ठिपके असतात, आणि बहुतेक चित्रांत तेच डोळे झाले होते. मी उत्तर दिलं नाही, ‘पान खाते कुठून ते बघा’ एवढंच म्हटलं. तोंड सापडलं तसं खाली दडलेलं खरं डोकंही सापडलं.

वहीत मी उभी रेघ मारायला लावतो. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. ओल्या ब्रशने अळीच्या डोक्यामागे अलगद स्पर्श केला तर लालसर-नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ‘अळीला राग आला’ हे सगळ्यांनी डावीकडे लिहिलं. वाद घालून ते वाक्य उजवीकडे गेलं. डावीकडे आलं : ‘ब्रश लागल्यावर शिंग बाहेर, वास, थोड्या वेळाने आत.’ हा प्रयोग एका अळीवर एकदाच करावा, उगाच छळ नको.

अळ्या वर्गात ठेवायच्या तर पावसाळ्यात कढीपत्ता किंवा लिंबाची कोवळी पालवी तपासा. पिवळसर, मोहरीपेक्षा लहान गोल अंडी पानावर सापडतात. लहान अळी तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, म्हणून मुलांच्या नजरेतून निसटते. शेवटची कात टाकल्यावरच ती हिरवी होते. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी उतरून पाण्यात बुडते. बरणीला झाकण नको, मलमलचं कापड आणि रबर लावा. झाकण लावलं की आत वाफ धरते, बुरशी येते. विष्ठा रोज झाडून काढा. बाजारातला कढीपत्ता मात्र कधीही घालू नका. फवारणीचा अंश राहिलेला असतो आणि सकाळी अळी मेलेली सापडते. लांबी मोजायला बरणीखाली आलेखाचा कागद ठेवला की पट्टी अंगाला लावावी लागत नाही. कोषातून कधी फुलपाखराऐवजी भोकं पाडून बारीक गांधीलमाश्या निघतात. तो कोष टाकून देऊ नका, मुलांच्या प्रश्नांचा पाऊस तिथेच पडतो.

पुस्तक उघडलं ते सगळ्यात शेवटी. सोळापैकी कुठले सहा फुलपाखराला राहतील, हे मुलांनी ‘वाटलं’मध्ये लिहिलं. बऱ्याच जणांचा अंदाज मागच्या जाड पायांवर होता. राहतात ते पुढचे टोकदार सहा. कोषातून पाखरू बाहेर आलं तेव्हा ते मोजता आले.

पुढचा पाठ मी रुईवर घेणार आहे. प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू तिथे अंडी घालतं, आणि बसलेलं असताना त्याचे चारच पाय दिसतात. पुढची जोडी आखडून छातीशी दडलेली असते. रुईची पानं मात्र मोठ्यांनीच तोडायची आणि लगेच हात धुवायचे. तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते.