एसडीआर अपडेट: गेन खाली आणला आणि मेटिऑरचं चित्र वर आलं

यावेळी नवीन काहीच विकत घेतलेलं नाहीये. तोच आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा यूएसबी रेडिओ रिसीव्हर, बाकी काम सॉफ्टवेअरचं), तोच जुना लॅपटॉप, फक्त सेटिंगशी आणि घरातल्या नॉइजशी झटापट, आणि खरं सांगू का, आजवर सगळ्यात जास्त फरक यातच पडला.

टार्गेट मेटिऑर, म्हणजे या हवामान उपग्रहांनी खाली पाठवलेली चित्रं घरच्या घरी पकडायची. अमेरिकेचे नोआ १५, १८, १९ हे तिन्ही हवामान उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले त्यामुळे १३७ मेगाहर्ट्झला आता रशियाच्या मेटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४ वरच भिस्त. नोआचं एपीटी (त्यांची चित्र पाठवायची पद्धत) अ‍ॅनालॉग होतं, सिग्नल खरखरला तरी ढग ओळखू यायचे. मेटिऑरचं एलआरपीटी डिजिटल, आलं तर झकास नाहीतर सरळ काळी पट्टी.

अँटेना साधा व्ही-डायपोल, दांड्या ५३ सेंमीच्या आसपास, मध्ये १२० अंश, गच्चीवर आडवा, व्हीचं तोंड उत्तरेकडे. यात काही ग्रेट नाही, खरी गंमत गेनची, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो त्याची. पुण्यात आमच्या गच्चीवर एफएम इतकं दणकून येतं की गेन फुल म्हणजे ४९.६ डेसिबल ठेवला की १३७ च्या आसपास चक्क गाणी लागतात, जिथे एफएमचा काही संबंधच नाही! डोंगलचा पुढचा अ‍ॅम्प्लिफायर ओव्हरलोड होतो, त्यात एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ८ बिटचा, म्हणजे दांडगा आणि बारीक सिग्नल एकत्र सांभाळायची ताकद मुळातच कमी. मग वॉटरफॉल (स्क्रीनवर सरकणारं सिग्नलचं चित्र) बघत एकेक पायरी खाली आलो, ४०.२ ला गाणी पुसट झाली, २९.७ ला सगळी भुतं गायब आणि नॉइज फ्लोअर (कायम असणाऱ्या खरखरीची पातळी) धाडकन खाली. सिग्नल किती उंच दिसतोय ते बघूच नका, तो फ्लोअरपासून किती वर आहे ते बघा.

उरलेला कचरा घरातला. लॅपटॉप बॅटरीवर, डोंगल यूएसबी एक्स्टेन्शनवर फेराइट (केबलवरचा नॉइज अडवणारा मणी) लावून लांब, आणि "आई, पंधरा मिनिटं चार्जर काढतोय गं" (उत्तर ठरलेलं, "परत तुझं ते खरखर का?"). जिन्यातला एलईडी दिवा मात्र सोसायटीचा, त्याला हात लावता येत नाही. आणि स्क्रीनवर १४४.००० मेगाहर्ट्झला कायम उभी असलेली काडी कुठलं स्टेशन नाहीये बरं का, डोंगलच्या आतला क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा, पाचपट करून बघा. अँटेना काढली तरी काडी जागेवरच असेल तर ती आतलीच.

रविवारी सकाळचा पास (उपग्रहाची आपल्यावरून जाणारी फेरी) छान उंचावरून होता. सॅटडंप या डीकोडिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी नुसता धुरळा, मग तो हळूहळू गोळा होत चार ठिपके झाले, म्हणजे सिग्नल नीट पकडला, आणि ओळी पडायला लागल्या. वर कच्छचं रण पांढरंफेक, मग कोकणचा किनारा, आणि झूम केल्यावर उजनीचं पाणी काळ्या रेघेसारखं! केरळच्या खालचा भाग गेला, दक्षिणेला शेजारची बिल्डिंग आडवी येते.

आता एफएमचा काटा पूर्ण काढायचाय. रेडीमेड फिल्टर मागवण्याआधी आरजी-५८ कोअ‍ॅक्स केबलचा साधारण ५० सेंमीचा तुकडा, एक टोक उघडं ठेवून, टी कनेक्टरने लाइनला जोडून बघणारे, तेवढ्यात ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एफएमच्या पट्ट्यात, खड्डा पडायला हवा. १३७ ला त्याने किती नुकसान होतं हे कोणी मोजलं असेल तर आकडे टाका, नाहीतर मीच दोन्ही वॉटरफॉल शेजारी ठेवून टाकतो.